कंबर दुखणारच, मग उपचार का नकोत?

सासू, आई, शेजारीण, ऑफिसातली अनुभवी सहकारी आणि प्रसूतितज्ज्ञ या सगळ्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं दुर्मीळच. पपई खावी का, केशरदुधाने बाळ गोरं होतं का, सातव्यात प्रवास करावा का, प्रत्येकाचं उत्तर निराळं. पण पोटुशी बाई ‘कंबर फार दुखते हो’ म्हणाली की सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: ‘दुखणारच. बाळंत झालीस की थांबेल.’ एवढं एकमत समोर आल्यावर ती पुढे काय विचारणार? रात्री कूस बदलताना पलंगाची कड धरते, जिना चढताना कठड्यावर भार टाकते, आणि कोणी चौकशी केली तर ‘बरी आहे’ म्हणते.

या एकमताला माझा विरोध आहे. ‘दुखणारच’ हे पुष्कळ अंशी खरं. ‘थांबेल’ हेही बहुतेकींच्या बाबतीत काही महिन्यांत खरं ठरतं. पण या दोन विधानांतून ‘म्हणून काही करू नकोस’ हे तिसरं विधान कसं निघतं, ते मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही. सर्दीसुद्धा आपोआप थांबते. तरी सर्दी झालेल्या माणसाला आपण वाफ घ्यायला सांगतो, आणि ती सर्दी पाच महिने टिकणारी नसते.

सर्वांत जुना युक्तिवाद निसर्गाचा. निसर्गाने दिलेलं दुखणं, त्यात माणसाने ढवळाढवळ कशाला? ठीक आहे, मग निसर्गाचंच पाहू. २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कॅथरीन व्हिटकम, लायझा शपिरो आणि डॅनियल लिबरमन यांचा शोधनिबंध आला. पोट वाढतं तसा शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि तोल सांभाळायला बाई कमरेतून मागे रेलते. हा वाढीव बाक पेलता यावा अशी सोय बायकांच्या मणक्यांतच आहे, असं या तिघांनी दाखवलं. कमरेचा बाक घडवणारे पाचरीच्या आकाराचे मणके पुरुषांत दोन, बायकांत तीन. लाखो वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकस मादीच्या अवशेषांतही हीच रचना त्यांना दिसली. दोन पायांवर चालणाऱ्या गरोदर मादीची कंबर हा प्रश्न निसर्गाने दुर्लक्षून सोडला नव्हता. त्याने तो आपल्या परीने सोडवला, पण चालण्या-फिरण्यापुरता. डोक्यावर हंडा नि काखेत कळशी घेऊन टेकडी चढणं, बँकेच्या खिडकीमागे आठ तास खुर्चीला खिळणं, साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहून घड्या उलगडणं, हे त्याच्या हिशोबात नव्हतं. तो हिशोब आपण वाढवला, तर वाढलेल्या भाराचं उत्तरही आपणच शोधायला हवं.

आणि सर्रास आढळणारी गोष्ट सोडूनच द्यायची असती, तर गरोदरपणातला रक्तक्षयही सोडून द्यायला हवा होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. कंबरदुखीचं प्रमाण काही कमी नाही. स्वीडनमधल्या ऑस्टगार्ड आणि सहकाऱ्यांच्या १९९१ सालच्या अभ्यासात गरोदरपणात कधी ना कधी पाठ-कंबर दुखलेल्या बायका ४९ टक्के होत्या. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात तर हे प्रमाण दोन तृतीयांशांहून जास्त धरलं आहे. लोहाच्या गोळ्या घेतल्या का, हे विचारायला आशाताई घरी येतात. कंबरेचं कोणी विचारत नाही. रक्तक्षयाने जीव जाऊ शकतो, कंबरदुखीने जात नाही, असं कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण झोप जाते, रोजगार जातो, घरातल्यांवर चिडचिड होते, आणि नववा महिना कसाबसा ढकलायचा उरतो. शिवाय मला एक वेगळाच संशय आहे. हिमोग्लोबिनचा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर छापून येतो. दुखणं मात्र बाईच्या सांगण्यावर अवलंबून असतं, आणि बाईच्या सांगण्याला आपल्याकडे पुरावा मानायची पद्धत नाही.

यानंतर येतो ‘आमच्या वेळी’चा मारा. आम्ही नववा लागेपर्यंत जात्यावर दळलं, विहिरीचं पाणी शेंदलं, शेतात खुरपलं. कंबर दुखायला सवड होती कोणाला? या बायकांच्या कष्टांपुढे मान लवते, त्यात वाद नाही. पण दुखलं नाही आणि सांगितलं नाही, यांत फार अंतर आहे. याच आजींना मुलगा-सून आसपास नसताना निवांत विचारून पाहा. थोरल्याच्या वेळी कुठे कळ यायची, धाकट्याच्या वेळी कशी एका अंगावर रात्र काढली, सगळं जसंच्या तसं आठवत असतं. तेव्हा सांगायचं कोणाला, हा प्रश्न होता. आज विचारणारं कोणी असू शकतं, तर त्या न विचारण्यालाच परंपरा ठरवायचं, हे मला पटत नाही.

याच विचारातून निघालेला सल्ला म्हणजे ‘उकिडवं बसून फरशी पुस, बाळंतपण सोपं होईल.’ यात सत्याचा अंश आहे, तो मान्य करतो. हालचाल चांगलीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या प्रसूतिपूर्व सेवेच्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं आहे की कंबर आणि कटी (कमरेखालच्या हाडांचा भाग) यांचं दुखणं टाळण्यासाठी गरोदरपणात नियमित व्यायाम करावा. २०२० च्या मार्गदर्शनात तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, अर्थात ज्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही त्यांच्यासाठी. पण व्यायाम आणि राबणं एक नव्हे. व्यायाम दुखू लागला की थांबवता येतो, दोन्ही अंगांनी सारखा करता येतो, उद्या थोडा वाढवता येतो. तीन खोल्यांची फरशी अर्ध्यावर सोडता येत नाही. एक गुडघा मुडपून, कमरेत पिळा देऊन, एक हात लांबवून फडकं मारणं ही हालचाल कटीचे सांधे दुखणाऱ्या बाईसाठी नेमकी चुकीची आहे. शिवाय घरातल्या फरशीचा आणि बाळंतपणाचा संबंध नेहमी सुनेच्याच बाबतीत कसा आठवतो, माहेरी आलेल्या लेकीच्या बाबतीत का नाही, हेही एकदा पाहावं.

दुसऱ्या टोकाला ‘हलूच नकोस’ म्हणणारे. साध्या कंबरदुखीसाठी दिवसचे दिवस अंथरुणात काढायला लावणं हाही उपचार नाही. स्नायू ढिले पडतात, उठल्यावर दुखणं पहिल्यापेक्षा वाढतं. यावर जास्त लिहायला नको. वैद्यकात हा मुद्दा बराच आधी निकालात निघाला आहे, घरांत अजून निघायचा आहे.

आता दवाखान्याकडे वळतो, कारण घरच्यांपेक्षा माझं मोठं भांडण तिथे आहे.

‘कंबर दुखते’ या एका तक्रारीत किमान दोन निराळी दुखणी असतात. एक खरोखरच कमरेचं: परकराची नाडी बांधतो त्या पट्ट्यात आणि त्याच्या थोडं वर. ओणव्याने काम केलं, फार वेळ एका जागी बसलं की ते वाढतं. अनेकींना ते दिवस जाण्याआधीही अधूनमधून झालेलं असतं. दुसरं त्याखालचं, कटीच्या सांध्यांचं. पाठीच्या तळाशी दोन खळ्या पडतात तिथे, माकडहाडाच्या वर डाव्या-उजव्या अंगाला, कधी कुल्ल्यात, कधी पुढे जांघांच्या मधोमध. एका पायावर उभं राहून सलवार चढवताना, रिक्षातून उतरताना, कूस बदलताना कळ येत असेल तर संशय या सांध्यांवर घ्यायचा. त्याची तपासणी करायला यंत्र लागत नाही. फिजिओथेरपिस्ट बाईला उताणं झोपवतात, एक गुडघा वर घेऊन मांडीच्या हाडातून खाली हलका दाब देतात. नेहमीचीच कळ उठली की उत्तर मिळालं. किंवा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगतात. पाय जड लागतो, उचलवत नाही. दोन्ही बाजूंनी कटी दाबून धरली की तोच पाय सहज उचलला जातो. पाचेक मिनिटांचं काम. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे दुसरं दुखणं सुमारे २० टक्के गरोदर बायकांना होतं. आपल्या किती बाह्यरुग्ण विभागांत या पाच मिनिटांची तपासणी होते?

तिच्याऐवजी होतं ते असं. ‘मणक्यात गॅप असेल’ असं मोघम सांगितलं जातं. गंमत म्हणजे गरोदरपणात कमरेचा एक्स-रे काढणं शक्यतो टाळतात, तेव्हा ही गॅप कोणाला कशात दिसली, हे विचारायची सोय नसते. किंवा ‘कॅल्शियम कमी पडतंय’ म्हणून गोळ्या लिहून मिळतात. कॅल्शियमच्या गोळ्या जरूर घ्याव्यात. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून त्या मिळतातच, आणि बाळाच्या हाडांसाठी, आईचा रक्तदाब फार वाढू नये यासाठी त्यांचा उपयोग आहे. पण त्या काही कमरेच्या कळेवरचं औषध नाहीत. आणि जरा जास्त वाचलेले डॉक्टर रिलॅक्सिन या संप्रेरकाचं नाव घेतात: सांधे सैल होतात, इलाज नाही. सांधे सैल होतात हे खरं. पण रक्तात रिलॅक्सिन जास्त असलेलीला दुखणंही जास्त, असा सरळ हिशोब संशोधनात जुळलेला नाही. सैल झालेल्या सांध्याला स्नायूंनी आधार द्यायचा असतो, आणि स्नायूंना शिकवता येतं. ‘इलाज नाही’ हे वाक्य तिथेच खोटं पडतं.

इलाज आहेत आणि दोन्ही दुखण्यांना ते वेगळे आहेत. वरच्या कंबरदुखीला चालणं, दर अर्ध्या-पाऊण तासाने बसण्याची ठेवण बदलणं, भिंतीला पाठ टेकून कमरेची पोकळी हलकेच भिंतीकडे दाबणं, हातापायांवर येऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करणं, यांचा उपयोग होतो. कटीच्या दुखण्यात सगळा भर दोन्ही बाजूंवर सारखं वजन पडण्यावर. सलवार, चप्पल बसून घालायची. कूस बदलताना गुडघे जुळवून, सबंध अंग एकदम वळवायचं. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. पावलं छोटी टाकायची. मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसण्याची आपली पद्धत या सांध्यांना सोसवत नाही, तेव्हा ती महिनाभर सोडावी आणि फरक पाहावा. आधाराचा पट्टा वापरायचा तर तो पोटाच्या खाली, खुब्यांभोवती, थोडे तास. औषधाच्या दुकानात पाठीसाठी म्हणून मिळणारा ताठ पट्ट्यांचा बेल्ट पोटावर आवळून घेतलेल्या बायका दिसतात, तेव्हा विकणाऱ्याचा राग येतो. त्यानेही विचारायला हवं होतं. कोमट शेक चालतो. पोहण्याच्या तलावात उतरता येत असेल तर पाण्यात शरीराचा भार हलका होतो. अर्थात ही सोय आपल्याकडे किती जणींना, ते सांगायला नको.

याला पुरावा काय, असं विचारणारा वाचक मला हवाच आहे. २००५ साली स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या ३८६ गरोदर बायकांवरचा एक प्रयोग ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सगळ्यांना कटीचं दुखणं होतं. एका गटाला नेहमीचा सल्ला, पट्टा आणि घरचे व्यायाम. दुसऱ्याला त्याबरोबर अॅक्युपंक्चर. तिसऱ्याला त्याबरोबर सांधे स्थिर करणारे खास व्यायाम. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा पुढचे दोन्ही गट बरे राहिले, आणि त्यांतही अॅक्युपंक्चर काकणभर सरस ठरलं. नॉर्वेत २०१२ साली ८५५ बायकांवर बारा आठवड्यांच्या व्यायामाचा प्रयोग झाला. इथे निकाल थोडा अडचणीचा आहे, म्हणून तो मुद्दाम सांगतो: दुखणाऱ्या बायकांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. पण व्यायाम केलेल्यांपैकी दुखण्यापायी आजारपणाची रजा घ्यावी लागलेल्या कमी होत्या. कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ३४ चाचण्या आणि पाच हजारांवर बायका होत्या; व्यायामाने दुखणं कमी होतं असं त्यात दिसलं, पण पुरावा बराचसा कच्च्या प्रतीचा असल्याचंही आढावा लिहिणाऱ्यांनी नोंदवलं. म्हणजे जादू कुठेच नाही. मात्र ‘पुरावा कच्चा आहे’ आणि ‘काही उपयोग नाही’ या दोन वाक्यांना एकच समजणारे डॉक्टर इतर बाबतींत एवढे काटेकोर नसतात. निम्म्या पुराव्यावर लिहिली जाणारी टॉनिकं कोणत्याही औषधाच्या दुकानात मोजून घ्यावीत.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. तो असा, की गरोदरपणाचा आधीच आजार करून टाकला आहे. दर महिन्याला सोनोग्राफी, ढीगभर तपासण्या, आणि शेवटी सिझेरियन. त्यात आता कंबरेचाही दवाखाना काढायचा? खाजगी रुग्णालयांचा अनुभव घेतलेल्या कोणाही माणसाला हा आक्षेप कळेल. पण इथे तो लागू पडत नाही. हा उपचार म्हणजे विचारणं, हाताने तपासणं, चार हालचाली शिकवणं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणं. यात ना शस्त्रक्रिया, ना महागडी चाचणी, ना खाटेचं भाडं. माझा अंदाज असा आहे की तो मागे पडण्याचं एक कारण हेच असावं.

उलट उपचार न केल्यानेच बाई औषधांकडे ढकलली जाते, आणि तिथे आपला सगळा उलटा कारभार. पॅरासिटामॉल घ्यायला घरचे घाबरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा संबंध स्वमग्नतेशी जोडल्यावर ही भीती व्हॉट्सअॅपवरून घराघरांत पोचली. त्याआधी वर्षभर, २०२४ मध्ये, स्वीडनमधल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केल्यावर हा संबंध उरला नाही. त्या घोषणेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही असा संबंध सिद्ध झालेला नसल्याचं सांगितलं. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढंच, थोडे दिवस पॅरासिटामॉल घेणं हा गरोदरपणात आजही वेदनाशामकांतला पहिला पर्याय आहे.

आणि ज्या घरात पॅरासिटामॉलला नाही म्हणतात, त्याच घरातलं कोणी तरी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून ‘कंबरेसाठी काहीतरी द्या’ म्हणून गोळी आणतं. ती बहुधा डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची असते. भीती खरी इथे वाटायला हवी. या गटातली औषधं विसाव्या आठवड्यानंतर घेतली तर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. त्याच्याही आधीपासून तिसाव्या आठवड्यानंतर ती टाळायला सांगतातच, कारण बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या कारणाने दिलेली कमी मात्रेची अॅस्पिरिन ही निराळी गोष्ट. ती आपल्या मनाने थांबवू नये. चोळायच्या मलमांतही पुष्कळदा हीच औषधं असतात आणि थोडी अंगात उतरतात, तेव्हा ‘वरून लावायचं तर आहे’ म्हणून बेफिकीर राहू नये.

‘दुखणारच’ या वाक्याचा खरा धोका आणखी एका ठिकाणी आहे. त्या वाक्याखाली भलतीच दुखणी झाकली जातात. थंडी-ताप आणि लघवीला जळजळ यांसह एका कुशीत दुखत असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो, आणि गरोदरपणात तो थांबून राहत नाही. सदतिसाव्या आठवड्याआधी कंबर ठरावीक अंतराने दुखून थांबत असेल, पोट कडक होत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, तर त्या अकाली बाळंतकळा असू शकतात. जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पाय लुळा पडणं ही तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाण्याची लक्षणं. आणि जगात सर्वाधिक क्षयरोगी असलेल्या देशात, संध्याकाळचा बारीक ताप, वजन न वाढणं आणि रात्री वाढणारं मणक्याचं दुखणं यांकडे काणाडोळा करणं परवडणारं नाही. तेव्हा एक्स-रे टाळायचा म्हणून तपासच टाळायचा असंही नाही. एमआरआय गरोदरपणात करता येतो.

बाळंतपणानंतर हाच हलगर्जीपणा वेगळ्या रूपात भेटतो. सिझेरियन झालेल्या बायकांमध्ये एक समजूत दगडावरची रेघ होऊन बसली आहे: ‘कंबरेत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली.’ भुलीच्या डॉक्टरांना हा आरोप रोज ऐकावा लागत असेल. तो अगदीच हवेतून आलेला नाही. १९९० साली बर्मिंगहॅममध्ये ११,७०१ बायकांना मागाहून विचारलेल्या प्रश्नांवरून एपिड्युरल, म्हणजे प्रसववेदनांसाठी कमरेतून दिलेली भूल, घेतलेल्यांत नंतरची कंबरदुखी जास्त दिसली होती. पण आठवणीवर विसंबण्याऐवजी बायकांचा आधीपासून मागोवा ठेवणारे अभ्यास झाले, तेव्हा चित्र पालटलं. बॉस्टनमध्ये १९९४ साली हजारावर बायका पाहिल्या; एपिड्युरल घेतलेल्या ४४ टक्क्यांना आणि न घेतलेल्या ४५ टक्क्यांना नंतर कंबरदुखी होती. २००२ साली इंग्लंडमधल्या एका यादृच्छिक चाचणीचा दोन वर्षांनंतरचा मागोवाही हेच सांगून गेला. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकतं, तेवढंच. हे अभ्यास प्रसववेदनांसाठी दिलेल्या एपिड्युरलचे. सिझेरियनला सहसा देतात ती सुई त्याहून बारीक असते आणि एकदाच टोचली जाते.

मग कंबर कशाने गेली? बॉस्टनच्या त्याच अभ्यासात बाळंतपणानंतरच्या दुखण्याचा संबंध दिसला तो आधीपासून असलेल्या कंबरदुखीशी. म्हणजे सहाव्या महिन्यात जिला ‘असंच असतं’ म्हणून परत पाठवलं, तीच पुढे सुईला दोष देते. सुईचा दिवस आणि वेळ लक्षात राहते. आधीच्या पाच महिन्यांची कुठे नोंदच नसते. या समजुतीची खरी किंमत पुढच्या खेपेला मोजावी लागते, कारण तिच्या पायी बायका गरज असताना भुलीला नकार देतात.

राहता राहिला कामाचा प्रश्न, आणि माझ्या मते उपचारांमधला हाच सर्वांत दुर्लक्षित उपचार. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात एक तरतूद पहिल्यापासून होती: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही अगोदरच्या महिन्यात, म्हणजे साधारण दहा आठवडे आधीपासून, गरोदर बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा बराच वेळ उभं राहावं लागणारं काम देता येत नाही. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली, तिची बातमी सगळ्यांनी वाचली. ही जुनी तरतूद मात्र किती मालकांना ठाऊक आहे आणि किती बायकांनी वापरली? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. केरळातल्या कापडदुकानांत उभ्या राहून पाय सुजलेल्या बायकांनी त्यासाठी झगडा केला होता. एक स्टूल. कंबरदुखीवर याहून स्वस्त उपचार मला माहीत नाही.

आणि ज्यांना मालकच धड नाही, त्यांचं काय? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यातली (नवरा-बायकोच्या जोडीतली) बाई सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी उचलते, कारण दिवस बुडाला की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो आणि आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते. तिला फिजिओथेरपी सुचवणं ही थट्टा होईल. तिच्यासाठी उपचार म्हणजे खाडा रद्द होणं, आणि तो डॉक्टरच्या हातात नाही, साखर कारखान्याच्या आणि सरकारच्या आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तेव्हा मजुरीचा दिवस बुडू नये म्हणून बायका शरीराचं काय काय करून घेतात, हे राज्याने ऐकलं आहे. गरोदर बाईच्या मोळीबद्दलही ऐकावं.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके, सगळं पाहतात. त्या रांगेत डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी दोन प्रश्न वाढवावेत: कुठे दुखतं, हात लावून दाखव, आणि रात्री कूस बदलता येते का. जिथे फिजिओथेरपिस्ट नाही तिथे त्या चार हालचाली परिचारिकेलाही शिकवता येतील. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणी पोटुशी असेल तर पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर जा आणि ती कचरली तर हे प्रश्न तुम्ही विचारा. घरी आल्यावर पाण्याचा हंडा आणि फरशीचं फडकं दुसऱ्या कोणीतरी घ्या.